शिकाऊ उमेदवारी अर्धवट असताना कामावरून कमी केलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टर्नरची, म्हणजे लेथ यंत्रावर धातूचे भाग घडवणाऱ्याची, उमेदवारी करत होतो. शेवटचं वर्ष लागायच्या तोंडावर कारखान्यातलं आमचं खातंच बंद झालं आणि एका सोमवारी आम्हा चौघा ॲप्रेंटिसना ऑफिसात बोलावून पत्रं हातात दिली. पुढे दुसऱ्या ठिकाणी उमेदवारी पूर्ण झाली, पण मधल्या काळात मी ज्या चुका केल्या त्यांतल्या बऱ्याच टाळता आल्या असत्या. खालचे प्रश्न त्यानंतर वेगवेगळ्या ट्रेडच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी मला विचारलेले आहेत.

कालच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." सगळ्यात आधी काय करू?

लॉगबुक हातात घ्या. नवं काम शोधणं नंतर, भांडण नंतर, रडणंसुद्धा नंतर. आजपर्यंत केलेल्या प्रत्येक कामाची नोंद पूर्ण करून, ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांची सही घ्यायची, आणि ती ते कामावर आहेत तोवर घ्यायची. कपात झाली की फक्त तुम्ही जात नाही, सुपरवायझरही जातात. आठ दिवसांनी कोण कुठे असेल याचा भरवसा नाही.

माझ्या लॉगबुकात पाच महिन्यांची पानं कोरी होती. टेपर टर्निंग, आतले आटे, बोअरिंग सगळं केलं होतं, पण "महिनाअखेरीला एकदम भरू" असं करत राहिलो. पत्र मिळालं त्या दिवशी आमचे सुपरवायझर रजेवर होते आणि नंतर ते परत आलेच नाहीत. नव्या ठिकाणी फोरमनने पुस्तक उघडलं, कोऱ्या पानांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे काय, या काळात सुट्टीवर होतास?" मला पुन्हा फेसिंगपासून, म्हणजे अगदी पहिल्या धड्यापासून, सुरुवात करावी लागली. त्याच पुस्तकात आधीच्या एका पानावर सहीशेजारी ग्रीसचा अंगठा उमटला होता. त्या पानाबद्दल मात्र त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

नोंद लिहिताना "लेथवर काम केलं" एवढं पुरत नाही. तारीख, कोणतं यंत्र, कोणता जॉब, माप किती बारकाईने राखायचं होतं, किती तास लागले, आणि एकट्याने केलं की कुणी शेजारी उभं होतं, हे सगळं लिहा. सहीखाली नाव आणि हुद्दा वाचता येईल अशा अक्षरात हवा. नुसत्या वेटोळ्या सहीवरून ती कुणाची हे वर्षभराने कुणीच सांगू शकत नाही.

लॉगबुक कंपनीकडेच आहे आणि ते देत नाहीत. मग?

लेखी मागा, मागणीची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि प्रशिक्षण संस्थेला किंवा करार जिथे नोंदला आहे त्या कार्यालयाला कळवा. दरम्यान आठवणीतून एक कच्ची यादी करा: महिना, यंत्र, जॉब. हजेरीच्या नोंदी, पगाराच्या चिठ्ठ्या, सुपरवायझरने मोबाइलवर पाठवलेले कामाचे निरोप, यातून बरंच जुळवता येतं. तुम्ही बनवलेल्या वस्तूंचे फोटो असतील तर उत्तम. मात्र कंपनीच्या ड्रॉइंगचे फोटो काढून बाहेर नेऊ नका. ड्रॉइंग कंपनीची मालमत्ता असते आणि त्यापायी उगाच नवी कटकट मागे लागते.

काढून टाकणं आणि कपात यात फरक काय? शेवटी काम गेलंच ना?

काम गेलं, पण कशामुळे गेलं यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. वागणूक वाईट, गैरहजेरी, चोरी, सुरक्षेचे नियम मोडणं यासाठी घालवलं तर ती बडतर्फी. ऑर्डर आटल्या, खातं बंद झालं, कारखाना विकला, यंत्र आलं आणि माणसं जास्त झाली म्हणून घालवलं तर ती कपात. कपातीत दोष जागेचा असतो, माणसाचा नसतो.

म्हणून पत्रात कारण स्पष्ट लिहून घ्या. "तुमची सेवा समाप्त करण्यात येत आहे" एवढंच लिहिलेलं पत्र घेऊन घरी येऊ नका. काम कमी झाल्यामुळे किंवा विभाग बंद झाल्यामुळे, असं एक वाक्य त्यात हवं. शांतपणे मागितलं तर बहुतेक ठिकाणी देतात. त्यांचं त्यात काही जात नाही.

"राजीनामा लिहून दे, तुझ्याच रेकॉर्डला चांगलं दिसेल" असं साहेब म्हणाले. देऊ का?

नाही.

इतकं तुटक उत्तर का, तेही सांगतो. राजीनामा दिला की कागदावर काम तुम्ही सोडलेलं असतं. कपातीमुळे मिळणारं जे काही असेल, म्हणजे भरपाई, सरकारी मदत, झालेल्या काळाची मोजणी, त्यावरचा तुमचा हक्क तिथेच ढिला पडतो. भारतातल्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात तर दोन्ही बाजू आहेत. करार मालकाच्या कसुरीमुळे मोडला तर मालकाने उमेदवाराला भरपाई द्यायची, आणि उमेदवाराच्या कसुरीमुळे मोडला तर उमेदवाराने किंवा त्याच्या पालकाने प्रशिक्षणाचा खर्च मालकाला परत करायचा. म्हणजे चांगलं दिसावं म्हणून दिलेला कागद उलटा तुमच्याच गळ्यात पडू शकतो. साहेब वाईट असतीलच असं नाही. अनेकदा त्यांनाही वरून तसंच सांगितलेलं असतं. पण सही तुमची असते.

पण मालक उमेदवाराला असं मध्येच कमी करू शकतो का? करार तर पूर्ण मुदतीचा होता.

याचं उत्तर देशागणिक बदलतं आणि त्यामागे एक जुना वाद आहे: उमेदवार हा कामगार की विद्यार्थी?

युरोपातल्या जुन्या पद्धतीत तो मुख्यतः शिष्य होता. करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहायचे आणि मधून दातेरी रेषेत कापायचे. एक तुकडा उस्तादाकडे, एक शिष्याच्या घरी. वाद झाला की दाते जुळवून बघायचे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने उमेदवारी किमान सात वर्षांची ठरवली होती. उस्ताद वारला किंवा त्याचा धंदा बुडाला तर शिष्याला उरलेल्या मुदतीसाठी दुसऱ्या उस्तादाकडे सोपवायची रीत होती. उरलेली मुदत दुसरीकडे पूर्ण करणं ही आजची सवलत नव्हे, ती या व्यवस्थेइतकीच जुनी गोष्ट आहे. नवीन मालकाशी बोलताना हे मनात ठेवा, मान खाली घालून जायची गरज नाही.

त्या जुन्या समजुतीचे अवशेष ब्रिटनमध्ये अजून आहेत. पारंपरिक उमेदवारी करार असेल तर नेहमीच्या कामगारासारखी कपात त्याला लागू होत नाही असं तिथल्या न्यायालयांनी म्हटलं आहे. धंदाच बंद झाला किंवा त्याचं स्वरूप मुळातून पालटलं तर गोष्ट वेगळी. १९७० च्या एका निकालात तर मध्येच काढलेल्या उमेदवाराला बुडालेल्या पगारासोबत बुडालेल्या शिक्षणाची आणि पुढच्या संधींचीही भरपाई द्यायला लावली होती. पण २००९ च्या कायद्याने जी नव्या पद्धतीची उमेदवारी आली, ती साध्या नोकरीच्या करारासारखी धरली जाते आणि तिथे कपात होऊ शकते. आपला करार यातला कोणता, हे तिथल्या मुलाने आधी तपासावं.

जर्मनीत उमेदवाराला सगळ्यात भक्कम आधार आहे. आजमावण्याचा काळ एक ते चार महिन्यांचा, तो संपला की मालक केवळ गंभीर कारणासाठीच करार मोडू शकतो. मंदी आली, नफा घटला, ही कारणं चालत नाहीत. दिवाळखोरीचा अर्ज झाला एवढ्यानेही उमेदवारी आपोआप संपत नाही. कारखाना खरोखर बंद होऊन शिकवायला जागाच उरली नाही तर मग संपते, आणि तेव्हा तिथलं उद्योग किंवा कारागीर मंडळ दुसरी जागा शोधायला मदत करतं.

भारतात कायद्याने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. याचा तोटा असा की कामगारांना कपातीच्या वेळी मिळणारं संरक्षण त्याला आपोआप लागू होत नाही. फायदा असा की करार नोंदलेला असतो, आणि मुदतीआधी मोडायचा असेल तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. मालकाने हजेरीपटावरून नाव खोडलं म्हणजे करार संपला असं होत नाही. हे कित्येक मालकांनाच ठाऊक नसतं.

भरपाई मिळते का?

फार मोठी आशा ठेवू नका. भारतात मालकाच्या कसुरीने करार मोडला तर शेवटच्या विद्यावेतनाच्या तीन महिन्यांइतकी रक्कम देण्याची तरतूद नियमांत आहे. ब्रिटनमध्ये कायद्याने मिळणारी कपात-भरपाई सलग दोन वर्षं नोकरी झाली असेल तरच मिळते. ऑस्ट्रेलियात तर नोकरीच्या राष्ट्रीय मानकांतल्या कपात-भरपाईतून ॲप्रेंटिसना सरळ वगळलं आहे. तिथल्या मुलांना हे कळतं तेव्हा बसणारा धक्का काम गेल्याच्या धक्क्यापेक्षा कमी नसतो.

कायदा काही म्हणत असला तरी कामाचे झालेले दिवस, शिल्लक रजेचे पैसे आणि नोटिशीचा काळ या तीन गोष्टींचा हिशेब लेखी मागा. ही भरपाई नव्हे, ते तुमचेच पैसे आहेत.

कंपनी बुडाली, मालक फोन उचलत नाही, दोन महिन्यांचे पैसे अडकलेत. ते गेले का?

लगेच पाणी सोडू नका. अनेक देशांत अशा वेळी सरकारी निधी पुढे येतो. जर्मनीत दिवाळखोरीच्या आधीच्या तीन महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार रोजगार यंत्रणा देते आणि त्यात उमेदवारही येतात. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा निधीतून आठ आठवड्यांपर्यंतची थकबाकी मागता येते, तिला कमाल मर्यादा असते. असे दावे मुदतीत करावे लागतात, त्यामुळे "बघू, मालक देईल" म्हणत सहा महिने काढणं महागात पडतं.

झालेली दोन-अडीच वर्षं वाया गेली का?

हात शिकले ते कुठे जात नाही, हे सगळेच सांगतील. तुम्ही विचारताय ते कागदावरच्या मोजणीबद्दल, आणि ती तुम्ही वेळेत हालचाल केली तर बहुतेक ठिकाणी टिकते. भारतातल्या कायद्यात दोन वाटा आहेत. पहिली, जुना मालक, उमेदवार (अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल तर पालक) आणि नवा मालक तिघांनी मिळून सल्लागाराच्या मान्यतेने तोच करार उरलेल्या मुदतीसाठी नव्या मालकाच्या नावे करायचा. दुसरी, करार मोडला गेला आणि नव्याने केला, तर चूक जुन्या मालकाची होती असं पटल्यास आधीचा काळ नव्या करारात धरायला सल्लागार परवानगी देऊ शकतात. पत्रातलं कारण आणि न दिलेला राजीनामा इथे कामाला येतात.

पहिली वाट सोपी आहे, पण ती जुना मालक सही करायला जागेवर आहे तोवरच.

प्रशिक्षण संस्थेतले वर्ग चालू ठेवू का? काम नसताना जायची लाज वाटते.

जा. नक्की जा. वर्गात बसलेल्या पंधरा-वीस मुलांपैकी प्रत्येकाचा एक मालक असतो, आणि कुठे जागा आहे ही बातमी जाहिरातीच्या आधी तिथे पोचते. मला दुसरी जागा वर्कशॉपच्या तासाला शेजारच्या व्हाइसवर फाइल मारणाऱ्या मुलामुळे मिळाली. त्याच्या कारखान्यातला एक ॲप्रेंटिस सैन्यात गेला होता.

नियमही बऱ्याच ठिकाणी याला धरून आहेत. इंग्लंडमध्ये कपात झालेल्या उमेदवाराचं शिक्षण थांबू नये म्हणून सरकार बारा आठवडे खर्च उचलतं आणि तेवढ्यात नवा मालक शोधायचा असतो. अभ्यासक्रम तीन चतुर्थांश झाला असेल किंवा शेवटचे सहा महिनेच उरले असतील तर मालक नसला तरी शेवटपर्यंत शिकता येतं. आयर्लंडमध्ये उमेदवारी टप्प्याटप्प्याने चालते, काही टप्पे कामावर आणि काही संस्थेत. २००८ नंतर बांधकाम धंदा कोसळला आणि गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन यांचे ॲप्रेंटिस ढिगाने रस्त्यावर आले, तेव्हा त्यांना संस्थेतले टप्पे पुढे चालू ठेवू दिले आणि कामाचे टप्पे पूर्ण करायला खास योजना काढाव्या लागल्या. तुमच्याकडे अशी योजना आहे का, हे संस्थेच्या ऑफिसात जाऊन विचारा. फोनवर "नाही" म्हणणारा माणूस समोर गेल्यावर फाईल उघडतो.

नव्या मालकाला अर्धवट शिकलेला मुलगा कशाला हवा? तो नवाच घेईल ना?

उलट आहे. नवा मुलगा पहिलं वर्षभर मालकाला तोट्याचा असतो: माल बिघडवतो, टूल मोडतो, शिकवणाऱ्याचा वेळ खातो. तो तोटा तुमच्या बाबतीत आधीच कुणीतरी सोसून झाला आहे. हे त्याच्यासमोर असं बोलून दाखवायचं नसतं, पण दिसलं पाहिजे. लॉगबुक घेऊन जा, आणि "एक दिवस यंत्रावर उभं करून बघा" असं स्वतःहून म्हणा. मायक्रोमीटर हातात कसा धरता, मोजायच्या आधी जॉब पुसता की नाही, एवढ्यावर अनुभवी फोरमनला निम्मं कळतं.

मोठ्या कंपन्यांच्या मागे लागण्यात मी तीन आठवडे घालवले. त्यांची भरती ठरलेल्या महिन्यात होते आणि अधल्यामधल्या मुलाला घ्यायची सोय त्यांच्या पद्धतीत सहसा बसत नाही. दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपात मालक स्वतः दारात भेटतो आणि तिथल्या तिथे ठरवतो. फक्त तिथे तुमच्या ट्रेडचं सगळं काम होतं का, हे बघून घ्या. ज्याच्याकडे मिलिंग मशीनच नाही तो मशिनिस्टचा अभ्यासक्रम पूर्ण करून देऊ शकत नाही.

एका ठिकाणी जास्त पैसे देतात, पण हेल्पर म्हणून. उमेदवारी "नंतर बघू" म्हणतात.

हा खरा चकवा. घरी पैशाची निकड असेल तर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण स्वतःशी तारीख ठरवून घ्या, दोन महिने किंवा तीन. हेल्परचा पगार ॲप्रेंटिसच्या विद्यावेतनापेक्षा आज जास्त असतो, म्हणूनच तो पाय धरून ठेवतो. माझ्याबरोबर कपात झालेल्या चौघांपैकी एकजण असाच गेला. हात माझ्यापेक्षा चांगला होता त्याचा. आजही तो उत्तम काम करतो आणि आजही त्याच्या कामावर सही दुसरा कुणीतरी करतो.

किती दिवस थांबलं तर चालतं?

ट्रेडवर आहे. वेल्डरने सगळ्यात जास्त घाई करावी. प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकांत वेल्डरची पात्रता टिकवायला सहा महिन्यांच्या आत त्या पद्धतीचं वेल्डिंग केल्याची नोंद लागते, आणि ती नोंद करणारा मालक किंवा जबाबदार माणूसच नसेल तर पात्रता सुटते. बाकीच्या ट्रेडना असं घड्याळ नसलं तरी कराराच्या, सरकारी मदतीच्या आणि परीक्षेच्या मुदती असतात. पत्र मिळाल्याच्या आठवड्यात त्या सगळ्या एका कागदावर लिहून भिंतीवर लावा.

कपात येणार हे आधी ओळखता येतं का?

पत्र यायच्या आधी कारखाना बोलतो. ओव्हरटाइम थांबतो. स्टोअरमध्ये इन्सर्ट, म्हणजे कापायच्या हत्याराचं बदलतं पातं, मागितला की "जुनाच वळवून वापर" असं उत्तर येतं. कच्चा माल यायचा त्या कोपऱ्यात उजेड दिसायला लागतो. ॲप्रेंटिसना यंत्रावरून काढून झाडलोट आणि रंगकामाला लावतात. आमच्याकडे भंगारवाला महिन्यातून दोनदा यायला लागला तेव्हा जुने कामगार एकमेकांकडे बघत होते, आम्हाला मात्र काही कळलं नाही. अशी लक्षणं दिसली की घाबरून सोडून जाऊ नका, फक्त लॉगबुक रोजच्या रोज भरायला लागा.

मुलाखतीत "तिकडून का निघालास" विचारलं तर?

"खातं बंद झालं, हे पत्र." बस. जुन्या मालकाची गाऱ्हाणी सांगत बसू नका. ऐकणारा पुढचा मालक असतो.

मी वडील आहे. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. ओरडू की सोडून देऊ?

दोन्ही नको. त्याला घेऊन त्याच्या संस्थेत जा, पण आत गेल्यावर बोलू त्याला द्या. मुलगा अज्ञान असेल तर करारावर तुमचीही सही आहे, त्यामुळे करार दुसऱ्या मालकाकडे नेताना तुम्ही लागताच. आणि पाहुण्यांसमोर "याला काढलं" असं म्हणू नका. कंपनीने माणसं कमी केली, हेच खरं आहे आणि तेच बोला.

हत्यारांचं काय? काही मी स्वतःच्या पैशाने घेतलेली आहेत.

कंपनीची परत करा आणि पोच घ्या. स्वतःची घेऊन या, पण गेटवर अडवू नये म्हणून आदल्या दिवशी यादी करून स्टोअरकीपरची सही घ्या. माझ्याकडे स्वतःचा एक माप घ्यायचा सहा इंची व्हर्निअर होता, खोक्यावर नाव कोरलेला. शेवटच्या दिवशी सुरक्षारक्षकाने तो ठेवून घेतला, कारण गेटपासावर त्याचा उल्लेख नव्हता. चार दिवसांनी परत गेलो तेव्हा गेटला कुलूप होतं.